नाव घातलेला डबा

मंगळवारी दुपारी चहाला आधण ठेवलं होतं, तेवढ्यात समोरच्या घरातल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं. "आहेस का गं? हे बघ, तुझं तुझ्याकडं आणलंय," म्हणत त्यांनी एक स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. त्यांच्याकडे नातवाचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय, त्यामुळे मला वाटलं, लाडू असतील. डब्यात खरंच काहीतरी होतं, हातात घेताना सळसळलं, पण आत काय आहे याकडे माझं लक्षच गेलं नाही. डब्याच्या पोटावर बारीक दातेरी अक्षरं होती. चि. अमुक हीस आत्याकडून सप्रेम भेट, मे 1997. त्या अमुकच्या जागी माझं माहेरचं नाव, चार अक्षरी, दुसऱ्या अक्षराची वेलांटी जरा जास्तच वर गेलेली. खाली बुडाजवळ एक पोचा. आमची लेक दोन वर्षांची असताना हा डबा पालथा घालून उलथन्याने बडवायची, त्यातलाच तो. पोच्यावर बोट ठेवल्याबरोबर मला ते बडवणं ऐकू आलं. हा डबा मी सहा वर्षं शोधत होते, आणि सहा वर्षं तो समोरच्या घराच्या माळ्यावर, आमच्या उंबऱ्यापासून बारा पावलांवर होता.

"आत वाटीभर साखर आहे गं. रिकामा कसा द्यायचा?" एवढं बोलून काकू निघाल्याच. पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी साडेसातला हे मार्केट यार्डातून आले. सौद्यांचे दिवस, त्यामुळे शर्टाच्या बाह्या, रुमाल, घड्याळाचा पट्टा, सगळ्यावर हळदीची पिवळी भुकटी. हे अडत दुकानात दिवाणजी आहेत, आमच्या लग्नाच्या आधीपासून. हळकुंड नीट वाळलंय की नाही ते मोडताना येणाऱ्या आवाजावरून कळतं. आत ओल राहिली असेल तर ते मुरडतं, वाळलेलं असेल तर खणकन तुटतं. जन्मभर कानाने माल पारखल्यामुळे घरातसुद्धा हे प्रत्येक वस्तूला बोटाच्या पेराने टिचकी मारून बघतात. कलिंगड, नारळ, माठ, नवीन घेतलेलं कपाट. तसंच ओट्यावरच्या डब्यालाही मारली. मग थबकले. कपाळावरचा चष्मा खाली ओढला, डबा दिव्याकडे तिरका धरला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवत वाचलं. मोठ्याने वाचलं, माझं माहेरचं नाव.

अठ्ठावीस वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि नंतर हे काहीच बोलले नाहीत. डबा होता तिथे ठेवला, हातपाय धुतले, आमटी-भात जेवले, बातम्या लावल्या. त्या गप्प राहण्याने मला जी हुरहुर लागली ती काही केल्या जाईना. त्यांनी तावातावाने "आता बोल!" म्हटलं असतं तर मी बोलले असते. ते म्हणण्याचा त्यांना पुरेपूर हक्क होता.

कारण हा डबा म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर घरातली एकेक वस्तू सापडत गेली किंवा गेली म्हणून पक्की झाली. या डब्याचं तेवढं काहीच पक्कं होईना. पुराच्या आदल्या आठवड्यात यांचे एक मित्र मुलाकडे पुण्याला निघाले होते. सांगलीतून कुणी बाहेरगावी निघालं की त्याच्या हातात भडंग पडायलाच हवं. मी सकाळीच भडंग केलं, लसूण चांगला कुरकुरीत तळून घातला, आणि "पिशवीत भरून द्या हो" असं सांगून गणपतीच्या देवळात गेले. पुढच्या चार दिवसांत पाऊस असा कोसळला की भडंग आणि डबा कुणाच्याच डोक्यात राहिला नाही. पाणी ओसरून घरात परतल्यावर मला डब्याची आठवण झाली, आणि तेव्हापासून माझं एकच म्हणणं, तुम्ही मित्राला डब्यासकट भडंग दिलंत. यांचं एकच म्हणणं, मी पिशवीतच भरून दिलं, उरलेलं डब्यातच होतं, डबा पुरात वाहून गेला असणार. यावर माझा सवाल ठरलेला, घट्ट झाकणाचा डबा फडताळातून कसा वाहून जाईल? सहा वर्षांत बोलणं कुठूनही निघालं, कोथिंबीर आणायची राहिली, गॅसचा नंबर लावायचा राहिला, चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, तरी ते वळसा घेऊन डब्यापाशी यायचंच. "आठवायचं कसं? त्या डब्याचं तरी कुठं आठवलं?" हे माझं वाक्य आमच्या लेकीला तोंडपाठ आहे. संसारात भांड्याला भांडं लागायचंच म्हणतात. आमच्याकडे एकच भांडं होतं आणि तेही घरात नव्हतं.

आत्याबद्दल सांगितल्याशिवाय हा डबा कळायचा नाही. आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. तिने लग्न केलं नाही. आम्हा पाच भाच्यांच्या लग्नात मात्र तिचा आहेर ठरलेला असायचा, जाड पत्र्याचा, दोन किलो पीठ मावेल असा डबा आणि त्यावर नाव. माझ्या वेळी ती मला बरोबर घेऊन पेठेतल्या भांड्याच्या दुकानात गेली. एकावर एक रचलेल्या पातेल्यांच्या उतरंडी, छताला टांगलेले झारे आणि चाळण्या, नव्या स्टीलचा तो गार, किंचित तेलकट वास. दुकानातला मुलगा मांडीवर फडकं पसरून, त्यावर डबा आडवा धरून विजेच्या लेखणीने नाव घालत होता. त्या लेखणीचा किर्र आवाज दाढांत जाऊन बसतो. ती जरा कुठे थांबली की तिथे खोलगट टिंब पडतं, म्हणून हात चालता ठेवावा लागतो. माझ्या नावाची वेलांटी वर गेली ती अशीच. दारात कुणी काही विचारलं, त्याने मान वर केली आणि हात पुढे सरकला. पुढ्यातल्या कागदावर आत्याने लिहून दिलं होतं. ते बघून दुकानदार म्हणाला, "बाई, नवऱ्याकडचं नाव घाला की, पंधरा दिवसांत बदलणार नाव कशाला घालताय?" आत्याने पर्समधून पैसे मोजून काढले, त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "कागदावरचं बदलतील. स्टीलवरचं कोण खोडतंय?"

नाव घालण्यामागे अगदी व्यवहारी कारणंही असतात. आमच्या गल्लीत वाटीने साखर जाते, पातेल्याने ताक येतं, ताटभर पुरणपोळ्या झाकून जातात, आणि ज्याचं भांडं त्याच्याकडे परत जायचं तर त्याला नाव हवं. शिवाय नाव घातलेलं भांडं पुढे सरकवता येत नाही. लग्नात आलेली घड्याळं, फोटोफ्रेमा, लेमनसेट कुठून कुठे फिरतात ते आपण सगळे जाणतो. माझ्या एका जाऊबाईंना त्यांनीच दिलेला लेमनसेट चार वर्षांनी त्यांच्याच मुलीच्या बारशाला परत मिळाला, तोही तिसऱ्याच घरातून. खोक्यात त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. त्यांना राग आला नाही. उलट चार वर्षांत एकही पेला फुटला नाही याचं त्यांना फार कौतुक वाटलं, आणि तो सेट अजून त्यांच्या कपाटात आहे. स्टीलच्या बाबतीत अशी सोय नाही. ज्याचं नाव, त्याच्याच घरी ते राहतं. आहेराची वही ट्रंकेत असते आणि कुणाकडे कार्य निघालं की तेवढ्यापुरती बाहेर येते, "त्यांनी आपल्याला काय दिलं होतं बघ गं" म्हणून. भांडी मात्र रोज हाताखाली असतात. आमटीच्या पातेल्यावर थोरल्या वन्सं, परातीवर मामेसासरे, तांब्यावर यांच्या आजीचं नाव, तेही हातोडी आणि टोच्याने एकेक ठिपका पाडून घातलेलं. सकाळचा स्वयंपाक करताना निम्मं गणगोत हाताखालून जातं. यातले निम्मे आता नाहीत.

बोहारणीकडून घेतलेल्या भांड्यावर कुणाचं नाव नसतं, पण ते कशाच्या बदल्यात आलं हे घरातला माणूस विसरत नाही. आमच्याकडे एक कढई आहे. यांच्या तपकिरी सफारीवर आलेली. आता सफारी कुणी घालत नाही, ती यांच्या अंगालाही बसली नसती, पण कढईत भजी तळायला घेतली की हे अजून दारात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "माझी सफारी तापली का?" मी प्रत्येक वेळी हसते. मला ते प्रत्येक वेळी आवडतं.

समोरच्या घरात सध्या लग्नाची जी गडबड चाललीय, तीही एखाद्या नाटकासारखीच. आमच्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, ते सीतेच्या स्वयंवराचं. म्हणजे मराठी रंगभूमीची सुरुवातच मुळी लग्नाने झाली, आणि तीही आमच्या गावात. आमच्याकडचं कार्यघर त्या परंपरेला धरून असतं. नवऱ्या मुलाला दोन मामा, धाकटा मामा पैशाने मोठा, पत्रिकेत नाव कुणाचं आधी यावरून थोरल्या मामांनी आठवडाभर फोन उचलला नाही. शेवटी काकू स्वतः एसटीने त्यांच्या गावी गेल्या, त्यांच्या ओट्यावर बसून राहिल्या आणि "तू नसशील तर मी बोहल्याजवळ उभी राहायची नाही" म्हणाल्या. मामा ढसाढसा रडले. त्यांना पत्रिकेचं काहीच नव्हतं. बहिणीने विचारलं नाही, एवढंच लागलं होतं. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे भरले, आणि लगेच पदराने पुसून त्यांनी विचारलं, "आचाऱ्याला मसालेभात सांगू का पुलाव?"

याच लग्नासाठी माळ्यावरची भांडी काढताना डबा निघाला.

तो तिथे कसा गेला असेल ते आता मला डोळ्यांसमोर दिसतं. 2019 ला आम्ही गावभागातून निघालो तेव्हा पाणी कोपऱ्यावर होतं. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट पाणी लागलं, हे आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगतं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2005 चा पूर ज्यांनी पाहिला होता ते त्या वेळच्या खुणेवर भरवसा ठेवून बसले आणि पाणी त्याच्याही वर गेलं, 57 फुटांच्या पुढे. आम्ही विश्रामबागला वन्संकडे होतो. आठवड्याने परतलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती. मागच्या दाराची कडी तुटली होती, फडताळाची दारं फुगून उघडी पडली होती, आणि चिखल आणि सडक्या धान्याचा तो वास अजून पाऊस लागून राहिला की आठवतो. जड पातेली, परात, खलबत्ता, सगळं जागच्या जागी गाळात रुतलेलं. गेली होती ती हलकी भांडी. आणि झाकण लावलेले डबे, कारण आत हवा. जितकं झाकण घट्ट, तितका डबा छान तरंगणार. सहा वर्षं मी ज्या घट्ट झाकणाचा दाखला देत होते, तो यांच्याच बाजूने होता. हे मला मंगळवारी कळलं.

त्या दिवसांतली एक दुपार मला फार जवळची आहे. गल्लीच्या मधोमध सापडलेल्या भांड्यांचा ढीग घातला होता. कुणाची कुठली, काहीच कळेना. मग बायका पायपुसण्या टाकून भोवती बसल्या, एकेक भांडं राखेने घासायचं, नावावरचा गाळ नखाने काढायचा आणि मोठ्याने वाचायचं. "गो. ना. यांजकडून!" की एक हात वर. "शके शंभर," म्हणून कुणी कोड्यात पडायची, मग कळायचं की शके एकोणीसशे आहे, त्यातला नऊ झिजलाय. ज्यांना आम्ही जन्मभर काका, आजोबा, अण्णा म्हणत आलो त्यांची खरी नावं तिथे पहिल्यांदा कळली. नवऱ्याचं नाव कधी न घेणारी कोपऱ्यावरची आजी, तिच्या यजमानांच्या नावाची कळशी निघाली तेव्हा ओळखीची खूण म्हणून नाव सांगायची पाळी तिच्यावर आली. ती लाजली. पंच्याहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यापर्यंत चिखल, घरातलं एक पोतं धान्य शिल्लक नाही, आणि ती अशी लाजली की सगळी गल्ली हसली. पुरानंतरचं ते पहिलं हसू. मग तिने उखाणाच घेतला. उखाण्यातली भांडी नेहमी चांदीची असतात, तिच्याही उखाण्यात चांदीचं ताट होतं, आणि हातात होती ती गाळाने माखलेली तांब्याची कळशी.

त्या ढिगात माझा डबा नक्की असणार. कुणीतरी वाचलाही असेल. पण माझं नाव घेऊन वाचलं तरी हात वर कोण करणार? मी त्या वेळी आमच्या मागच्या दारी गाळ ओढत होते आणि गल्लीत त्या नावाची कुणीच नव्हती. सासरी आल्या दिवशी ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, त्या नावानेच मी या गल्लीला ठाऊक. बिनवारसाची भांडी पोत्यात भरून काकूंच्या माळ्यावर गेली, त्यांत आत्याचा डबाही गेला. गेल्या महिन्यात तासगावहून माझी शाळेतली मैत्रीण आली. तिने रिक्षातूनच माझं जुनं नाव घेऊन हाक मारली, अशी खणखणीत की काकू गॅलरीत आल्या. माळा काढताना सुनेने डब्यावरचं वाचून दाखवलं आणि काकूंना ती हाक आठवली. आत्या असती तर म्हणाली असती, बघ, कोण खोडतंय.

मंगळवारी रात्री हे बातम्या बघत असताना मला मामंजी आठवत होते. मामंजींची उमेद सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या पेवांवर हिशेब लिहिण्यात गेली. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं कशावरून तरी तीन दिवस बोलत नव्हतो. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही. त्यांनी आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी ओसरीवर सुपारी कातरत बसले आणि आपणहून पेवाचं सांगायला लागले. जमिनीत विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट ऐसपैस. कडेने उसाचा पाला, चटया, मग हळद, आणि तोंड मातीने लिंपून बंद. वर्षानुवर्षं हळद आत राहायची, तिला कीड लागायची नाही. काढायच्या दिवशी मात्र घाई करायची नाही. तोंड उघडल्या उघडल्या आत उतरला तो माणूस वर यायचा नाही, आत हवा कोंडलेली असते. उघडून ठेवायचं, दोन-तीन तास नुसतं बसून राहायचं, तंबाखू मळायची, मग दोरीने कंदील सोडायचा. तो आत जळत राहिला तर माणूस सोडायचा. एवढं सांगून मामंजी सुपारी तोंडात टाकून आत गेले. 2005 च्या पुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. मामंजींनी तो पूर पाहिला, त्यानंतर ते हरिपूरला गेले नाहीत.

अंथरुणं घालताना मी म्हटलं, "चुकलं माझं."

हे उशीला अभ्रा घालत होते. अभ्र्याचं टोक दातांत धरलेलं, त्यामुळे लगेच बोलता येईना. अभ्रा नीट बसवला, उशी दोनदा थोपटली आणि म्हणाले, "असू दे की." मग थोड्या वेळाने, "एक सांगू का? मलाबी मधनंमधनं वाटायचं, दिला असणार मीच." आणि जे बाहेर पडलं ते मला आजवर माहीत नव्हतं. यांनी त्या मित्राला दोनदा फोन करून डब्याचं विचारलं होतं, माझ्या पाठीमागे. मित्रालाही आठवेना. त्याने पुण्याच्या घरात शोधाशोध केली. त्याच्या बायकोने विचारलं, काय शोधताय? तो म्हणाला, डबा. ती म्हणाली, कुणाचा? तो म्हणाला, मित्राच्या बायकोचा. तिने सगळी कपाटं उपसली, डबा मिळाला नाही, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे काही हरवलं की ती म्हणते, "त्या सांगलीच्या डब्यासारखंच झालं असेल." म्हणजे आमच्या एका डब्यावर दोन घरं सहा वर्षं भांडत होती. हे सांगताना आधी यांना हसू फुटलं, मग मला. एवढे हसलो की लेकीने पलीकडच्या खोलीतून विचारलं, काय झालं? मला हसता हसता रडू यायला लागलं, कारण ज्या माणसाला मी सहा वर्षं ऐकवत होते, त्याने वाद घालायचं सोडून स्वतःच्याच आठवणीवर शंका घेतली होती.

दिवा मालवल्यावर यांनी अंधारात विचारलं, "नाव चांगलं होतं. कुणी ठेवलेलं?"

"आत्याने."

"हं," म्हणाले. मग बराच वेळ पंख्याचाच आवाज. "नवं नाव आईनं काढलं होतं. मला लग्नाच्या आदल्या रात्रीच सांगितलं होतं तिनं. मी आपलं तांदळात लिहिलं. तुला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही." माझ्याही तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. मला नवं नाव आवडलं होतं, अजून आवडतं. पण त्या संध्याकाळी ताटातलं ते नाव वाचून झाल्यावर सासूबाईंनी तांदूळ सारखे केले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात झाला, आणि मी तो जेवले, हे आठवलं की आनंदाच्या जोडीला आणखी काहीतरी मनात येतं. त्याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

सकाळी साखर दुसरीकडे काढून डबा घासायला घेतला तेव्हा झाकणाकडे लक्ष गेलं. ते आमचं नव्हतं. बसत होतं नीट, पण कडेला ठिपक्या-ठिपक्यांची दोन अक्षरं होती, आणि ती मी ओळखली. कोपऱ्यावरच्या आजीच्या यजमानांची. आजी पुरानंतर लेकीकडे विश्रामबागला राहायला गेली ती परत आलीच नाही. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "रविवारी जाऊ. मी पण येतो." रिकामं झाकण कसं न्यायचं, म्हणून मी ते उलटं धरून त्यात बेसनाचे पाच लाडू ठेवले, वर कागद, वर रुमाल, आणि रिक्षात ते मांडीवर सांभाळत आम्ही गेलो.

आजीला आता कमी ऐकू येतं. लाडू तिने आधी बाजूला काढले, मग झाकण हातात घेऊन कडेवरून बोट फिरवलं. काही न बोलता भिंतीला धरत धरत आत गेली आणि डबा घेऊन आली. शेवयांचा डबा, आणि त्यावर एक ताटली, ताटलीवर वजनाला एक गोटा. सहा वर्षं असाच झाकत होती. तिने गोटा काढला, ताटली काढली, झाकण ठेवून तळव्याने दाबलं. टक् आवाज झाला. यांनी पुढे होऊन त्यावर पेराने टिचकी मारली आणि मान हलवली. निघताना आजीने ताटली माझ्या हातात दिली, त्यात मूठभर शेवया. "तुझ्या डब्याला लागंल की आता," म्हणाली.

आमचं झाकण कुणाच्या तरी डब्यावर आहे. आत्याच्या डब्यात यंदाची साठवणीची हळद भरून ठेवलीये आणि वर आजीची ताटली. ती जराही वाकडी दिसली की हे येता-जाता सरळ करतात.